चट्टा लपवावा लागू नये म्हणून

करंजीहून वणीकडे निघाले की वाटेत मारेगाव लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका कापूस-तुरीचा, शेतमजुरांचा आणि पोडांवर राहणाऱ्या कोलाम कुटुंबांचा. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा सुरू होतो आणि तिथे वरोऱ्याला लागून कुष्ठरुग्णांसाठी उभे राहिलेले आनंदवन आहे. उत्तरेला वर्ध्याजवळ दत्तपूर आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली तिथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आजही दाखवतात. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडिताला गांधींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ पासून उभे आहे. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा जिल्हा होता. म्हणजे भारतातल्या कुष्ठसेवेचा फार मोठा इतिहास मारेगावच्या आसपासच्या जिल्ह्यांतच घडला. तरीही विदर्भात, विशेषतः चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, कुष्ठरोग आजही मुक्कामाला आहे. घरोघरच्या शोधमोहिमेत असे रुग्ण सापडतात, ज्यांना अंगावरचा चट्टा कित्येक महिन्यांपासून ठाऊक असतो. त्यांनी तो कोणाला दाखवलेला नसतो. सेवेची एवढी परंपरा असलेल्या मुलखात माणसे अजून चट्टा का लपवतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

याचे नेहमीचे उत्तर अज्ञान. लोकांना माहिती नाही, माहिती दिली की भीती जाईल, असे आपण धरून चालतो. यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. चट्टा लपवणारा माणूस अनेकदा अज्ञानी नसतो. निदान उघड झाले तर काय होईल, याचा त्याने अचूक हिशेब केलेला असतो. मजुरीच्या टोळीत मुकादम घेईल का, बहिणीची सोयरीक टिकेल का, भाऊ शेताचा हिस्सा देतील का, सून म्हणून आलेली असेल तर माहेरी पाठवतील का, हे प्रश्न त्याच्यापुढे दवाखान्याच्या आधी येतात. या प्रश्नांची उत्तरे त्याच्या बाजूची नसतील तोवर गोळ्या फुकट असूनही तो दवाखान्यात जाणार नाही. म्हणून कुष्ठरुग्णाचे मानवी हक्क हा आजार बरा झाल्यानंतर दाखवायच्या दयेचा विषय नाही. हक्क ही उपचाराची पहिली पायरी आहे आणि ती वगळल्यामुळे औषध हाती असतानाही हा आजार संपलेला नाही. आधी या आजाराची रीत नीट समजून घेतली, की हे विधान का खरे आहे ते कळते.

कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी तो १८७३ साली शोधला. हा जंतू अतिशय संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी ५ वर्षे, कधी २० वर्षेही जातात. तो त्वचेत आणि नसांमध्ये वस्ती करतो. पहिली खूण म्हणजे फिकट किंवा लालसर चट्टा. तो दुखत नाही, खाजत नाही, त्यावर स्पर्श कळत नाही. पांढरे कोड वेगळे. कोडाच्या डागावर संवेदना शाबूत असते आणि कोड संसर्गाने होत नाही. कुष्ठरोगात खरे नुकसान नसांचे होते. कापूस वेचणाऱ्या बाईचा हात घ्या. सुकलेल्या बोंडाची टोके काट्यासारखी टोचतात आणि ती टोचणीच बोटांना जपायला शिकवते. नस बधिर झाली की टोचणी कळत नाही. रक्त आले तरी हात चालत राहतो. संध्याकाळी चुलीवरचे भांडे उतरवताना बोट भाजते, तेही फोड दिसल्यावर समजते. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट आखूड होत जाते. बोटे झडतात असे लोक म्हणतात, पण जंतू बोट खात नाही. दुखणे गेल्यामुळे रोजच्या कामातल्या जखमा बोट खातात. नस आणखी बिघडली तर बोटे आत वळतात, पाऊल लुळे पडते, पापणी मिटत नाही. समाज ज्या रूपाला घाबरतो ते रूप आजाराच्या आरंभी कुठेच नसते. ते वेळेत उपचार न झाल्याने येते.

उपचार साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेला बहुविध औषधोपचार भारतात राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून १९८३ पासून आला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही त्यातली औषधे. २८ दिवसांचे एक पाकीट असते. पहिली मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायची, उरलेल्या गोळ्या घरी. आजाराच्या प्रकारानुसार ६ महिने किंवा १२ महिने. सगळे मोफत. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने बहुसंख्य जंतू मरतात आणि थोड्याच दिवसांत रुग्णाकडून दुसऱ्याला संसर्ग होण्याचा धोका उरत नाही. याच पाकिटात एक अडचणही आहे. क्लोफाझिमिनमुळे त्वचा लालसर-काळपट होते, विशेषतः चट्ट्यांच्या जागी. औषध बंद झाल्यावर काही महिन्यांत रंग पूर्ववत होतो, पण त्या काळात शेजारीण विचारते, अंग का असे काळे पडले? जी बाई गुपचूप उपचार घेत होती, तिचे गुपित औषधच उघड करते. आरोग्य विभागाने दिलेल्या मऊ रबराच्या एमसीआर चपलांचेही तेच. बधिर पायाला त्या वाचवतात, पण ओळखू येतात, म्हणून घातल्या जात नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष असलेली योजना गावाच्या नजरेपाशी येऊन अडते. ही नजर उपचाराच्या बाहेरची गोष्ट आहे असे मग कसे म्हणता येईल?

वेळेचा हिशेब पाहिला तर हे आणखी स्पष्ट होते. नस नुकतीच बिघडली असेल, साधारण ६ महिन्यांच्या आत, तर प्रेडनिसोलोनच्या उपचाराने ती बऱ्याच अंशी परत येऊ शकते. तो काळ उलटला की बधिरपणा बहुधा कायमचा. आता एखाद्या तरुण मुलाने चट्टा वर्षभर लपवला असे धरा. त्या वर्षात जंतू त्याच्या नसा पोखरतात आणि आजार बहुजिवाणूचा, म्हणजे शरीरात जंतू जास्त असलेल्या प्रकारचा, असेल तर घरातल्या लहान भावंडापर्यंतही पोचू शकतात. शेवटी विकृती दिसू लागते, लपवणे अशक्य होते आणि गाव म्हणते, बघा, आम्ही घाबरत होतो ते खरेच निघाले. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे विकृती आणि विकृतीमुळे पुन्हा भीती, असा हा फेरा आहे. गोळी या फेऱ्यातल्या जंतूला मारते. उशिरावर तिचा इलाज चालत नाही. उशीर कमी करायचा तर निदान उघड होण्याची किंमत कमी केली पाहिजे. निदान झाल्यावर नोकरी, घर, संसार, शाळा, जमीन यांतले काहीही हिरावले जाणार नाही, अशी खात्री म्हणजेच मानवी हक्क. एवढ्या व्यावहारिक अर्थाने हा शब्द इथे वापरला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आजार संसर्गजन्य आहे, मग लोकांनी जपून राहिले तर त्यात भेदभाव कसला? संसर्ग होतो हे खरेच आहे आणि ते लपवून कोणाचे भले होत नाही. पण सुमारे ९५ टक्के लोकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळ निकट सहवासातच लागण संभवते. बाजारात शेजारी बसल्याने, एका बाकावर शिकल्याने, हातात हात दिल्याने ती होत नाही. क्षयरोग याहून कितीतरी सहज पसरतो आणि कितीतरी जास्त जीव घेतो. क्षयाच्या रुग्णांसाठी मात्र आपण गावाबाहेर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वसाहती वसवल्या नाहीत. म्हणजे संसर्गाची भीती हे वागण्याचे खरे कारण नाही. इतिहासही हेच सांगतो. ब्रिटिश काळात १८९०-९१ साली एका आयोगाने देशभर फिरून कुष्ठरोगाची पाहणी केली आणि संसर्गाचा धोका दुर्लक्ष करण्याइतका अल्प आहे असा निष्कर्ष काढला. तरीही १८९८ साली ‘लेपर्स अॅक्ट’ आलाच. त्या कायद्याचा रोख प्रामुख्याने रस्त्यावर भीक मागणाऱ्या दरिद्री रुग्णावर होता. त्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत आणि आश्रमात डांबता येई. ऐपतदार रुग्ण घरात सुखरूप राही. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही, कायदा पाहत होता. लोकांना नकोसे झाले होते ते गरिबीचे आणि विद्रूपतेचे दर्शन, आणि त्यावर आरोग्याचे नाव घातले गेले होते.

कायद्यांची कहाणी इथे थोडी सविस्तर पाहायला हवी, कारण समाजाची नजर कायद्यात उतरते आणि कायदा त्या नजरेला मान्यता देतो. जुन्या हिंदू कायद्यात कुष्ठरोगी वारसाहक्काला मुके. १९२८ च्या कायद्याने ही आडकाठी काढली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २८ ने स्पष्ट केले की कोणत्याही रोगामुळे किंवा व्यंगामुळे कोणाचाही वारसा जात नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या हिंदू विवाह अधिनियमात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नोंदले गेले. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात कुष्ठरुग्ण भिक्षेकऱ्याला आश्रमात पाठवून ठेवण्याची तरतूद आली. ओडिशात नगरपालिका कायद्याने कुष्ठरुग्णाला लोकप्रतिनिधी होण्यास अपात्र ठरवले होते आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध मानली. मात्र बदललेल्या वैद्यकीय ज्ञानाच्या प्रकाशात अशा तरतुदी ठेवाव्यात का, याचा विचार विधिमंडळाने करावा असेही सुचवले. १८९८ चा कायदा केंद्राने शेवटी २०१६ साली रद्द केला. घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोग २०१९ च्या दुरुस्तीने पाच वैयक्तिक कायद्यांतून काढला गेला. बहुविध औषधोपचार राष्ट्रीय कार्यक्रमात आला १९८३ साली. म्हणजे आजार पूर्ण बरा होतो हे सरकारला ठाऊक असूनही तब्बल ३६ वर्षे देशाचा कायदा नवऱ्याला सांगत राहिला, की बायकोला हा आजार झाला तर तिला सोडता येते. हेच बायकोलाही लागू होते, पण घराबाहेर कोण पडत असे, हे वेगळे सांगायला नको. अशा बाईने चट्टा पदराखाली ठेवला, तर त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप यातूनच निघतो. आता तर हे कायदे गेले, मग तक्रार कशाची? तक्रार अशी की अन्याय करणारे कायदे बरेचसे गेले, पण अन्यायापासून वाचवणारा कायदा आला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींना स्थान आहे आणि सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात त्यांचा समावेश होतो. ही मोठी गोष्ट आहे. पण त्या कायद्याच्या व्याख्येत बसण्यासाठी आजार बरा झालेला आणि शरीरात बधिरता किंवा विकृती उरलेली असावी लागते. ज्याने वेळेवर गोळ्या घेतल्या, ज्याचे हातपाय शाबूत आहेत, ज्याला केवळ निदानामुळे कामावरून काढले, त्याला हा कायदा हात देत नाही. ज्याचे नुकसान होऊन चुकले त्यालाच संरक्षण आणि ज्याचे नुकसान टाळता आले असते तो उघड्यावर, अशी ही स्थिती आहे. एचआयव्हीबाधितांसाठी मात्र २०१७ साली स्वतंत्र कायदा झाला. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा, निवास यांत भेदभावाला त्याने मनाई केली आणि गोपनीयतेला संरक्षण दिले. कुष्ठरोगासाठी असाच कायदा विधी आयोगाने त्याआधी दोन वर्षे, एप्रिल २०१५ मध्ये, २५६ व्या अहवालात मसुद्यासह सुचवला होता. तो कायदा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारांना विस्तृत निर्देश दिले. रुग्णालयांत भेदभाव होऊ नये, औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असावीत, जनजागृतीत भीतिदायक चित्रे वापरू नयेत, बऱ्या झालेल्या माणसांचे अनुभव दाखवावेत, असे त्यांत आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली कुष्ठबाधित आणि त्यांचे कुटुंबीय या दोघांविषयीच्या भेदभावाविरुद्ध तत्त्वे स्वीकारली. कुटुंबीयांचा त्यातला उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण वडिलांच्या आजाराची शिक्षा मुलीच्या लग्नात भोगावी लागते. जपानने १९९६ पर्यंत रुग्णांना वेगळे ठेवण्याचा कायदा चालवला. पुढे २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने रुग्णांना आणि २०१९ साली त्यांच्या कुटुंबीयांनाही भरपाई द्यायला सरकारला लावले. आपल्याकडे अशा जबाबदारीची चर्चादेखील झालेली नाही.

कायद्याने मने बदलत नाहीत, हा तिसरा आक्षेप. तो करणारे अनेकदा कळकळीचे समाजसेवक असतात, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. मने कायद्याने बदलत नाहीत, हे खरे. पण भेदभाव घडतो तो मनात नव्हे, एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक माणसाच्या निर्णयाने. मुख्याध्यापक मुलाला वेगळे बसवतात. मुकादम बाईला टोळीतून वगळतो. दवाखान्यातला कर्मचारी रुग्णाला हात न लावता दारातूनच कागद सरकवतो. भाऊ सातबाऱ्यावर नाव चढू देत नाहीत. या प्रत्येक जागी, असे करता येणार नाही, हे कोणीतरी अधिकाराने सांगावे लागते. अस्पृश्यतेच्या बाबतीत महाराष्ट्राने हे अनुभवले आहे. पाणवठा आणि शाळा खुली करण्यासाठी सगळ्या गावाचे मन पालटण्याची वाट पाहिली असती, तर आजही वाटच पाहावी लागली असती. आधी वागणूक बदलावी लागली. मने, जिथे बदलली, तिथे मागून बदलली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे राज्यही महाराष्ट्रच आहे. जातपंचायतीच्या जाचाला आळा घालण्यासाठी जे राज्य कायदा करू शकते, त्याला आजारापायी वाळीत पडलेल्यांसाठी पुढचे पाऊल टाकणे कठीण नसावे.

आता आनंदवन. मारेगावच्या वाचकाला हे नाव घरचे आहे आणि चौथा आक्षेप याच नावाच्या आधाराने येतो. एवढी चांगली संस्था जवळ असताना रुग्णांनी तिथेच सुखाने राहावे, गावात कुचंबणा कशाला सोसावी, असे भली माणसेही म्हणतात. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, हे वरोऱ्यातले वकील. तुळशीराम नावाच्या मरणासन्न रुग्णाला पाहून ते प्रथम घाबरले आणि त्या भीतीला उत्तर देण्यासाठी त्यांनी आयुष्य या कामाला वाहिले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर पत्नी साधनाताई, दोन लहान मुले आणि मोजके रुग्ण यांच्यासह बाबा राहायला गेले आणि विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. विहिरी खोदल्या, शेती फुलली, पण वरोऱ्यातले लोक तिथला भाजीपाला घ्यायला तयार नव्हते. ज्या हातांनी तो पिकवला त्या हातांची भीती होती. पुढे परदेशी स्वयंसेवक येऊन रुग्णांबरोबर राबले, जेवले, राहिले, तेव्हा शहरातली माणसे हळूहळू माळावर येऊ लागली. साठच्या दशकात आनंदवनाने महाविद्यालय उभे केले. ज्यांना शाळेच्या दारात उभे केले जात नव्हते, त्या माणसांच्या श्रमातून धडधाकट मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. आनंदवनाने जगाला दाखवून दिले ते हे, की बोटे गमावलेला माणूस घेणारा नसतो, देणारा असू शकतो. आडकाठी त्याच्या हातांत नव्हती. त्याला काम न देणाऱ्यांत होती.

म्हणूनच आनंदवनाचा दाखला देऊन रुग्णाला गावाबाहेर पाठवणे हा आनंदवनाचा विपरीत अर्थ आहे. गावाने दार लावले म्हणून ते वसवावे लागले. ज्यांचे आयुष्य तिथे रुजले, ज्यांची मुले-नातवंडे तिथे वाढली, त्यांचे ते हक्काचे घर आहे, आणि त्यांना तिथून उठवण्याची भाषा करणे हाही अन्यायच. पण आज ज्याला पहिला चट्टा दिसला आहे, त्याला अशा वसाहतीची गरज नाही. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातले पाकीट आणि स्वतःच्या घरातली नेहमीची जागा हवी आहे. एखाद्या संस्थेचे थोरपण गावाच्या जबाबदारीतून सुटण्याची सबब होऊ नये. ज्या दिवशी घरातून हाकलल्यामुळे एकही नवा रुग्ण अशा वसाहतीच्या दारात उभा राहणार नाही, त्या दिवशी बाबांचे, पटवर्धनांचे, दिवाणांचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.

शेवटचा आक्षेप संख्येचा. भारताने २००५ अखेर कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, मग एवढा ऊहापोह कशासाठी? तेव्हाच्या निर्मूलनाचा अर्थ दर १० हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच होता. लोकांनी, आणि काही प्रमाणात यंत्रणेनेही, आजार संपला असा अर्थ घेतला. लक्ष ओसरले, शोध मंदावला, लपलेले रुग्ण लपलेलेच राहिले. पुढे २०१६ पासून घरोघरच्या शोधमोहिमा पुन्हा जोमाने घ्याव्या लागल्या. २०२३ साली जगात १ लाख ८२ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले १ लाख ७ हजारांहून अधिक एकट्या भारतात होते. जगातल्या दर पाच नव्या रुग्णांपैकी जवळजवळ तीन आपले आहेत. २०२७ पर्यंत प्रसार थांबवण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठरवले आहे. त्यासाठी रुग्णाच्या सहवासातल्या माणसांना रिफाम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा दिली जाते. पण ही मात्रा शेजाऱ्यांना द्यायची तर त्यांना कारण सांगावे लागते आणि कारण सांगितले की रुग्णाचे नाव फुटते. म्हणून आधी रुग्णाची संमती लागते. गावाच्या वागण्याचा भरवसा नसेल तर तो संमती कशी देईल? प्रतिबंधाचे सर्वांत नवे साधनही अशा रीतीने त्याच जुन्या प्रश्नापाशी येते. संख्या कमी असणे हे हक्कांकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. उरलेले रुग्ण शोधणे हेच सर्वांत अवघड काम असते आणि ते विश्वासाशिवाय होत नाही.

या विश्वासाची बांधणी दिल्लीत कायदा होईल तेव्हा होईल. तालुक्यात तिची सुरुवात आजही करता येते. तपासणी चावडीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत होऊ नये. बाईची तपासणी बाईने, आडोशाला करावी. पोडावर कोलामी बोलणारी व्यक्ती सोबत असावी, कारण बधिरपणा म्हणजे काय हे परक्या भाषेत समजावता येत नाही. आशाताईच्या वहीतले नाव तिच्या वहीतच राहावे. आरोग्य केंद्रात कुष्ठरुग्णासाठी वेगळा दिवस आणि वेगळी रांग नको. त्याने इतरांच्या रांगेत बसून पाकीट घ्यावे. शाळेत विज्ञानाच्या तासाला बधिर चट्ट्याची ओळख मलेरिया आणि क्षयाइतक्याच सहजतेने व्हावी. दरवर्षी ३० जानेवारीला, गांधींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोगविरोधी दिन पाळला जातो आणि ग्रामसभांतून ‘स्पर्श’ मोहिमेची प्रतिज्ञा वाचली जाते. ती वाचून न थांबता ग्रामसभेने साधा ठराव करावा, की या गावात कुष्ठरोगाच्या निदानामुळे कोणाचे काम, शाळा, राहते घर किंवा जमिनीचा हिस्सा जाणार नाही आणि गेला तर पंचायत त्याच्या बाजूने उभी राहील. त्याच्या जोडीने आपल्या आमदार-खासदारांना विचारावे, की विधी आयोगाने २०१५ साली दिलेला मसुदा अजून कायदा का झाला नाही. आणि प्रत्येक घराने एवढे करावे. चट्टा दिसला तर त्या माणसाला दवाखान्यात सोबत घेऊन जा आणि परत आल्यावर त्याचे ताट नेहमीच्या पंगतीत वाढा. पंगतीतली जागा कायम राहणार हे ज्याला ठाऊक आहे, तो चट्टा लपवत नाही. आणि जो लपवत नाही, तो विकृती न येता बरा होतो.